आत्याचा ओठ

शेडमध्ये सगळ्या बायका उभ्या असायच्या आणि आत्या तेवढी बसलेली असायची. खुर्ची साधी प्लॅस्टिकचीच, पण तिच्यावर दुसरं कुणी टेकलं तर मुकादमसुद्धा खेकसायचा. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, सकाळच्या ओहोटीला बायका गुडघाभर चिखलातून शिंपल्या काढून आणायच्या, टोपल्या ओळीने मांडायच्या आणि तोंडं मिटून उभ्या राहायच्या. आत्या बोटाने एक टोपली दाखवायची. तिच्यातली एक शिंपली उचलून सुरीच्या टोकाने उघडायची, आतला कच्चा गर चिमटीत धरून खालच्या ओठावर घासायची आणि डोळे मिटून घ्यायची. पंधरा मिनिटं. ओठाला मुंग्या आल्या तर शिंपल्यांत विष, सगळा माल परत समुद्रात. नाही आल्या तर आत्या डोळे उघडून म्हणायची, "सोडा."

एवढ्याच शब्दावर बाईचा रुबाब चालला होता. हे काम आधी तिचा बाप करायचा, बापानंतर तिने धरलं ते तीस वर्षं. या तीस वर्षांत तिने सात वेळा माल थांबवला आणि सातही वेळा ती बरोबर निघाली, असं शेडमधल्या बायका नव्या बायकांना सांगायच्या. सगळ्या तिला तोंडावर आत्या म्हणायच्या आणि पाठीमागे ओठबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि दोन्ही आवडायचं.

"सोडा" म्हटल्यावरही माल लगेच हलायचा नाही हं. जुन्या लोकांनी एक नियम करून ठेवला होता. पहिली टोपली चाखणाऱ्याच्या घरी जायची, तिथे ती उकडायची आणि घरातल्या माणसाने सगळ्यांच्या आधी खायची. दोन तास त्याला काही झालं नाही, तर बाकीच्या टोपल्या ट्रकवर. चाखणाऱ्याने स्वतः खायचं नाही, कारण पुढच्या टोपलीसाठी तोंड स्वच्छ ठेवायचं. म्हणजे खोटं बोललीस तर तुझंच माणूस मरेल, असा तो सरळ हिशेब. आत्या हा नियम फार मोठ्या मानाचा म्हणून सांगायची. त्यात तिच्यावरचा अविश्वास किती होता, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

खाणारं माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. शेडसाठी जाळीच्या पिशव्या शिवायचा, मशीन घराच्या ओसरीवर होतं. घर त्याचं, राज्य आत्याचं. बायको मुलीच्या लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्याने त्या मुलीला वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, जेवू घातलं, शाळेत घातलं आणि दिवसातून दहा वेळा ऐकवलं. "तुझ्यापायी माझं आयुष्य गेलं" हे वाक्य पोरीने पाढ्यांच्या आधी पाठ केलं असेल. भाऊ खाली मान घालून मशीन चालवायचा. गरीब गाय होता तो, आणि अशा माणसांचं जे होतं तेच त्याचं झालं.

मुलगी हुशार निघाली. बंदरापलीकडे समुद्राचं पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा होती, तिथे लागली. दर सोमवारी होडीतून जाऊन शिंपल्यांच्या जागेवरचं पाणी बाटलीत भरायची, त्यात आयोडीन घालायची, पाणी चहासारखं तांबूस व्हायचं. मग ते काचेच्या नळीत ओतून चोवीस तास हलवायचं नाही. पाण्यातले बारीक जीव मरून तळाशी बसले की मंगळवारी सकाळी मायक्रोस्कोपखाली ते एकेक करून मोजायचे. आकडा साहेबांकडे, साहेबांची सही बुधवारी बाराला, आणि मग शेडच्या दारावर हिरवी किंवा लाल पाटी. आत्या मायक्रोस्कोपला मुद्दाम दुर्बीण म्हणायची.

"मला पंधरा मिनिटं लागतात, आणि हिच्या सरकारला तीन दिवस," ती बायकांना सांगायची. "तोवर माणूस खाऊन, मरून, जाळूनही व्हायचा."

बायका खो खो हसायच्या. मुलगीही कसनुसं हसायची. एकदा तिने हौसेने आत्याला प्रयोगशाळेत नेलं आणि जिवंत पाण्याचा एक थेंब दाखवला. आत्याने एक डोळा मिटून पाहिलं.

"हे शेवाळ?"

"शेवाळाचीच जात. एकच पेशी, पण अंगावर ताटल्यांचं चिलखत आहे बघ. कमरेला खाच, त्या खाचेत एक शेपूट गुंडाळलेलं, दुसरं मागे लोंबतंय. दोन्ही हलवत गिरक्या घेत पोहतं. दिवसा उजेडाकडे वर येतं, अंधार पडला की खाली जातं. ती चार-चार चिकटून चाललीत ना, ती विषारी जात."

"दिसायला देखणी आहेत की गं."

"शिंपली दिवसभर पाणी गाळत असते. हे पोटात साठतं, तिला काही होत नाही. माणसाला होतं. विष नसांची दारंच बंद करतं. आधी ओठ, मग बोटं, मग हातपाय, शेवटी छातीचा भाता. आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत, सगळं कळत असतं. उकडून, तळून काही फरक नाही. औषधही नाही. श्वासाच्या यंत्रावर ठेवलं तर दीड-दोन दिवसांत विष आपोआप निघून जातं आणि माणूस उठून बसतो."

"आणि पाणी लाल होतं तेव्हा?"

"लाल होईलच असं नाही आत्या. काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही असतं. दिवस वाईट आले की कवच करून चिखलात झोपून राहतं, वर्षानुवर्षं. कुणी चिखल ढवळला की उठतं."

आत्याने घरी येऊन भावाला सांगितलं, "पोरीला पगार किडे बघायचा मिळतो." पण पाहिलेलं मात्र ती विसरली नाही.

आता एका दाढेची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आत्याची खालची अक्कलदाढ काढली. आडवी होती, मुळं खोल गेलेली, डॉक्टरने तासभर हाणामारी केली. भूल उतरली, सूज उतरली, पण ओठ उतरेना. खालचा ओठ, हनुवटी, जिभेची ती बाजू, सगळीकडे मुंग्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नुसत्या मुंग्या. ती परत गेली तेव्हा डॉक्टर म्हणाला, "नस दुखावली आहे. सहा महिन्यांत सुधारेल. नाही सुधारली तर मग तशीच राहते. सवय होईल हो, त्याने काही अडत नाही."

काही अडत नाही! कुणाला सांगतोय मेला, असं आत्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगून करणार काय? ओठ गेला असं एकदा शेडमध्ये कळलं की खुर्ची गेली. खुर्ची गेली की ती कोण? भावाच्या घरात राहणारी, साठीला आलेली, चिखलात उतरायची सवय मोडलेली बाई. तिने वरच्या ओठावर गर घासून पाहिला, पण खाली अष्टौप्रहर ढोल वाजत असताना वरचं काय ऐकू येणार. आणि बायका बघत असतात. बापापासून खालचाच ओठ, तो बदलला असता तर दहा जणींनी विचारलं असतं. तिने अंदाजानेच "सोडा" म्हणत सहा महिने वाट पाहिली. सहाचे आठ झाले. मुंग्या तिथेच होत्या.

मग तिने डोकं चालवलं. मंगळवारी दुपारी मुलगी जेवायला घरी यायची, तेव्हा आकडा मोजून झालेला असायचा. आत्या तिला भात वाढता वाढता खिजवायची, "काय गं, आज काय सापडलं दुर्बिणीत? व्हेल मासा?" मुलगी चिडून सांगून टाकायची, काही नाही म्हणून, किंवा थोड्या पेशी आहेत पण मर्यादेच्या खाली म्हणून. सहीआधी आकडा बाहेर सांगायचा नाही असा नियम होता, पण घरात कोण परकं? बुधवारी सकाळी आत्या खुर्चीवर बसायची, डोळे मिटायची, पंधरा मिनिटं मुंग्या सोसायची आणि कालचा आकडा तोंडाने बोलायची. शनिवारी पुन्हा तोच. वर्षात दोनदा आकडा वाढलेला निघाला, दोन्हीदा आत्याने "थांबवा" म्हटलं, आणि दोन्हीदा दुपारी बाराला लाल पाटी आली. शेडमधल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. आत्याची कीर्ती बापापेक्षा वाढली.

खरी गंमत पुढेच आहे. मुलगी प्रामाणिक. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं आत्याला मनातल्या मनात अडाणी म्हणत आलो, जरा तपासून तरी पाहू. तिने वहीत वर्षभर दोन रकाने आखले, एकात आपला आकडा, दुसऱ्यात आत्याचा ओठ. बुधवारांमागून बुधवार, एकदाही फरक नाही. मंगळवारी जेवताना आकडा आपणच सांगतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती थक्क झाली. वही घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा वर करून वही पाहिली आणि एक कागद काढला, की बुधवारी पाटी लागेपर्यंतच्या वेळात शेडने चाखणाऱ्या बाईंच्या निर्णयावर काम सुरू करायला हरकत नाही. तो कागद शेडच्या भिंतीवर लागला. मुलीने आत्याच्या पाया पडून सांगितलं, "चुकले मी. तुझा ओठ माझ्या मायक्रोस्कोपच्या तोडीचा आहे." आत्याने तिला उठवलं नाही. "कळलं ना एकदाचं," एवढंच म्हणाली.

तेव्हा तरी तिला लाज वाटली असेल? वाटली थोडी, एक-दोन दिवस. नंतर तिने त्या कागदाची प्रत फ्रेम करून घरच्या भिंतीवर लावली.

त्या वर्षी बंदराच्या तोंडाशी गाळ काढायचं यंत्र आलं. महिनाभर ते चिखल उपसत होतं. मग पंधरा दिवस वारा पडला, ऊन रणरणलं, पाणी इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. बायका खूश होत्या. मुलगी मात्र सोमवारी बाटल्या घेऊन आली ती कपाळाला आठ्या घालूनच. शेडमध्ये बायका टोपल्या विणत बसल्या होत्या, भाऊ पिशव्या पोचवायला आला होता. मुलगी मुकादमाला म्हणाली, "या आठवड्यात जपून. चिखल ढवळलाय."

आत्याला हे खपेना. शेडमध्ये जपून राहा म्हणायचा अधिकार तिचा. ती खुर्चीतूनच म्हणाली, "ऐका गं, आता चिखलाचं भविष्यही ही सांगणार. स्वतःचं काही दिसलं नाही ते! तो हापिसातला, रोज हिच्याशेजारी डबा खायचा, हिला वाटलं आपल्यासाठीच बसतो. रोज ओढणी बदलून जायची. त्याने लग्नाची पत्रिका आणून दिली हिच्याच हातात. दुर्बिणीतले किडे दिसतात, समोरचा माणूस दिसत नाही!"

बायका हसल्या. काही जणी हसायचं नव्हतं तरी हसल्या, कारण आत्या त्यांच्याकडे बघत होती. ही गोष्ट मुलीने रडत रडत फक्त आत्याला सांगितली होती.  तिने बापाकडे पाहिलं. बाप पिशव्या मोजत राहिला, मोजलेल्याच पुन्हा मोजल्या.

मंगळवारी दुपारी मुलगी जेवायला आली, पण गप्प. आत्याने भात वाढला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गं, काय सापडलं दुर्बिणीत?"

मुलगी ताटाकडे बघत राहिली. "तुझा ओठ आहे ना? उद्या सकाळी त्यालाच विचार."

आत्याच्या हातातला डाव थांबला. "बघा, किती राग! थट्टासुद्धा करायची नाही का माणसाने? सांग की."

"सहीआधी सांगायचं नाही असा नियम आहे."

आत्याने भावाला डोळ्याने खुणावलं. भाऊ चाचरत म्हणाला, "सांग ना बाळा. आत्या विचारतेय."

"बाबा, काल बोलायचं होतं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. आता नका बोलू." ती अर्ध्या ताटावरून उठली, हात धुतले आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत आत्या घरात येरझारा घालत होती. दोन वेळा चपला घालून प्रयोगशाळेच्या रस्त्याला लागली आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परतली. जाऊन सांगायचं काय? माझ्या ओठाला काही कळत नाही, वर्षभराहून जास्त तुझंच तुला सांगत आलेय, हे? त्या पोरीला, जिला काल सगळ्यांसमोर सोलली? जीभ झडली असती तरी ते शब्द निघाले नसते. मुलगी संध्याकाळी आली तीच मुळी जेवून आणि थेट आपल्या खोलीत गेली. आत्या दाराशी उभी राहिली, दारावर हात ठेवला आणि काढून घेतला.

बुधवारी सकाळी टोपल्या मांडल्या गेल्या. आत्याने गर ओठावर घासला, डोळे मिटले. मुंग्या होत्याच. रोजच्यापेक्षा जास्त? असतील. भीतीने असतील. "थांबवा" म्हणावं का? म्हटलं आणि बाराला हिरवी पाटी आली तर? तो कागद, ती वही, सगळ्यावर बोळा फिरला. आणि खरंच काही असतं तर पोरगी गप्प बसली असती होय? बोंब मारत आली असती. बाप आहे तिचा, पहिली टोपली तोच खातो, हे तिला ठाऊक नाही का? नुसता रुसवा आहे. असा सगळा विचार पंधरा मिनिटांत झाला, आणि आत्याने डोळे उघडले.

"सोडा."

भावाने ओसरीवर बसून शिंपल्या खाल्ल्या. त्याला आवडायच्या, त्या दिवशी चांगल्या भरलेल्या होत्या, त्याने मोठी वाटी संपवली. पाऊण तासाने मशीनची सुई ओवता ओवता थांबला आणि म्हणाला, "ताई, बोटं बधिर झालीत." मग हनुवटीला हात लावून म्हणाला, "ओठालाही मुंग्या येतायत. तुला अशाच येतात का गं?"

 आत्याने त्याला उलटी करवली, मीठपाणी पाजलं, शेजारची रिक्षा बोलावली. रिक्षात बसताना त्याचे पाय जमिनीला लागत होते पण उभे राहत नव्हते. गावच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण आणि एक नर्स. श्वासाचं यंत्र मोठ्या इस्पितळात, दोन तासांच्या रस्त्यावर. अॅम्ब्युलन्स आली तोवर त्याची मान पडली होती, बोलणं बंद झालं होतं, छाती वरवर हलत होती. नर्स हाताने फुगा दाबत होती. डोळे मात्र उघडे. तो आत्याकडे बघत होता. डोकं शेवटपर्यंत शाबूत असतं, हे आत्याला मुलीनेच सांगितलं होतं, त्यामुळे ते डोळे आत्याला चुकवता येईनात. अर्ध्या वाटेत तो गेला.

बाराला मुलगी स्वतः लाल पाटी घेऊन शेडवर आली. बाकीच्या टोपल्या जागच्या जागी होत्या, दोन तासांच्या नियमाने एकही शिंपली ट्रकवर चढली नव्हती. माल थांबलाय हे पाहून तिला हायसं वाटलं. "आत्याने ओळखलं ना?" ती मुकादमाला म्हणाली. "मला खात्री होती." मुकादमाने तिच्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

चौथ्या दिवशी, घरात माणसं कमी झाल्यावर, ती आत्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले, आवाज फाटलेला.

"आत्या, मर्यादेच्या सहापट पेशी होत्या गं. मला मंगळवारीच कळलं होतं. मला वाटलं, सकाळी तुझा ओठ पकडणारच. वर्षभरात एकदा चुकला नाही तो. मी म्हटलं, तुला सांगायची गरज नाही, जरा तंगवू." तिने आत्याचा हात धरला. "मला एकच सांग. त्या दिवशी ओठाला काहीच झालं नाही?"

एक वाक्य. एका वाक्यात त्या पोरीच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं. आत्याच्या ओठावर तेव्हाही मुंग्या चालल्या होत्या. समोर भिंतीवर ती फ्रेम दिसत होती, शेजारी भावाचं मशीन कापडाने झाकलेलं.

"नाही," आत्या म्हणाली. "काही नाही झालं. तू सांगायला हवं होतंस."

मुलगी वाकली ती वाकलीच. पुढे चौकशी झाली. साहेबांची सही वेळेवर होती, पाटी वेळेवर होती, कागदावर कुणाचीच चूक निघाली नाही. ओठाचं काय, असं विचारल्यावर मुलीने उठून स्वतः उत्तर दिलं. विष सगळ्या शिंपल्यांत सारखं नसतं, एका टोपलीत एक शिंपली स्वच्छ असते आणि शेजारची भरलेली, आत्याच्या हाती स्वच्छ आली असेल, यात बाईंचा दोष नाही. तिने वही दाखवली, दोन रकाने दाखवले. आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. साहेबांनी भिंतीवरचा कागद तसाच ठेवला.

दोष कुणाला तरी लागतोच, तो शेडने मुलीला लावला. बायका ती आली की टोपल्या ओढून घ्यायच्या. "माहीत असून बापाला खाऊ दिलं," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. आत्या त्यांना गप्प करायची. "असू दे गं, लहान आहे ती, चुकली," असं म्हणायची, आणि सगळ्यांना वाटायचं, काय मोठं मन आहे बाईचं.

आता पहिली टोपली खायला घरात एकच माणूस उरलं आहे. मुलीने ते काम न सांगता अंगावर घेतलं. बुधवारी ती उशिरा कामावर जाते, ओसरीवर बापाच्या जागी बसून शिंपल्या खाते आणि दोन तास थांबते.

मंगळवारी दुपारी ती जेवायला येते. आत्या भात वाढते, काही विचारत नाही, विचारावंच लागत नाही. मुलगी हात धुते, पाटावर बसते आणि घास घेण्याआधी, मान वर न करता, आकडा सांगते. पुरा आकडा, जात, किती मर्यादेखाली, सगळं.

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणते. "जेव तू."